मुसोलिनीला घाई झाली होती

१० जून १९४०. संध्याकाळी सहाच्या सुमारास रोमच्या व्हेनेझिया चौकातल्या सज्जात मुसोलिनी येऊन उभा राहिला आणि त्याने फ्रान्स आणि ब्रिटनविरुद्ध युद्ध जाहीर केलं. चित्रफीत सहज सापडते, बघा. कमरेवर हात, पुढे काढलेली हनुवटी, वाक्यावाक्याला खालून गर्जना. मला मात्र त्या भाषणापेक्षा तारीख जास्त बोलकी वाटते.

कारण फ्रान्स तेव्हा संपत आला होता. सरकार त्याच दिवशी पॅरिस सोडून निघालं, १४ जूनला जर्मन शहरात शिरले. शेजारी आडवा पडतोय हे बघून गडी आखाड्यात उतरला! सैन्याची तयारी नाही असं इटलीचा सरसेनापती मार्शल बादोल्यो याने बजावलं, तेव्हा म्हणे उत्तर मिळालं की तहाच्या टेबलावर बसायला मला काही हजार मेलेले पुरेत.

बरं, तयारी नाही हे त्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. ऑगस्ट १९३९ मध्ये हिटलर युद्धाला निघाला तेव्हा यानेच कोळसा, पोलाद, मॉलिब्डेनम अशा मागण्यांची भलीमोठी यादी त्याला पाठवून अंग काढून घेतलं होतं. बैलाला वाचता येत असतं तर ही यादी वाचूनच तो मेला असता, असं त्याचा जावई आणि परराष्ट्रमंत्री चानो याने रोजनिशीत लिहून ठेवलंय. दहा महिन्यांत यादी तशीच राहिली, बदलला तो फक्त मोह.

घाई इतकी, की स्वतःच्या व्यापारी जहाजांनाही आधी कळवलं नाही. सुमारे एक तृतीयांश ताफा परक्या बंदरांत अडकला आणि गेला. हे वाचलं तेव्हा मी हसलो, खोटं कशाला बोलू.

आल्प्समधलं हसण्यासारखं नाही. फ्रान्स शस्त्रसंधी मागत असताना इटलीने तिथे मोठी चढाई केली. जून महिना, पण घाटांत बर्फ, आणि अंगावर धड कपडे-बूट नाहीत. चार-पाच दिवसांत इटलीचे सहाशेहून जास्त मेले, दोन हजारांवर हिमदंशाने निकामी झाले. फ्रेंचांचे मेले चाळीसच्या आसपास. पदरात काय पडलं, तर मांतों हे समुद्रकाठचं छोटं गाव आणि डोंगरातली थोडी जमीन.

'सप्टेंबरपर्यंत आटोपेल' हा त्याचा हिशोब. पुढे इटलीच्याच भूमीवर पावणेदोन वर्षं लढाई चालली. त्यात आपली माणसंही होती. १९४१ मध्ये एरिट्रियात केरेनच्या डोंगरांवर मराठा पलटणी इटालियन फौजेशी भिडल्या. माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीतल्या टायबर नदीच्या खोऱ्यात जर्मन मशीनगनवर एकटे चालून गेले, कारण तुकडीतले बाकी सगळे पडले होते. तिथेच ते मारले गेले. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांच्या देशालाही कुणी विचारलं नव्हतंच. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगोने भारताच्या वतीने परस्पर युद्ध जाहीर करून टाकलं होतं.

म्हणून हल्ली कुणी 'एकदाचं घुसाच, दोन दिवसांत निकाल लागेल' असं लिहिलं की मी एवढंच विचारतो: निर्णय कुणी घेतला, आणि त्याला 'नाही' म्हणायची कुणाची टाप होती? युद्ध कधीच करू नये असं माझं म्हणणं नाही. कधीकधी ते गळ्यात येऊन पडतं. पण ज्याला तहाची खुर्ची आधी दिसते, त्याला अडवणारी माणसं आणि संस्था जागेवर हव्यात. इटलीत फॅसिस्ट महापरिषद, म्हणजे मुसोलिनीच्या राजवटीची सर्वोच्च सभा, नावाला होती. १९४० मध्ये तिला विचारलंसुद्धा नाही. ती पुन्हा भरली ती थेट जुलै १९४३ मध्ये, मित्रराष्ट्रं सिसिलीत उतरल्यावर. तेव्हा १९ जणांनी त्याच्याविरुद्ध मत दिलं. त्यात जावईबापूही होते. काही तासांतच राजाने मुसोलिनीला अटक करवली.