कॅलिफोर्नियात साडभाऊ

आमच्या वरुड तालुक्याला विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात. ज्यानं कोणी पहिल्यांदा म्हटलं त्या बिचाऱ्यानं संत्र्याच्या बगिच्यांकडे पाहून म्हटलं असेल, पण ज्याचं घर इथं आणि साडभाऊ पुण्यात, अशा माणसाचं पुढे काय होईल याचा त्यानं जरासुद्धा विचार केला नव्हता.

माझा साडभाऊ आयटीत आहे. नाशिकला एका वाईनरीत जाऊन आला तेव्हापासून त्याच्या बोलण्यात धरणाचं पाणी, डोंगरामागे जाणारा सूर्य, शेनिन ब्लाँ आणि शिराझ नावाच्या वाईन याशिवाय दुसरं काही नाही. तिथं टबात उभं राहून द्राक्षं तुडवायला मिळतात आणि त्याचे लोक पैसे देतात. आमच्याकडे मजूर पैसे घेऊनही मिळत नाहीत, तर ही सिस्टीम आपल्याला आधी का नाही सुचली असं मला प्रामाणिकपणे वाटून गेलं. मग डिसेंबरात त्याचा फोन, "अहो, तुमचं कॅलिफोर्निया ना? म्हणजे तिथल्या वाईनवाल्या नापा व्हॅलीसारखं काहीतरी असणारच! ख्रिसमसच्या सुट्टीत येतोय, आमच्यासाठी काही करू नका हं." काही करू नका हे वाक्य ऐकलं की आमच्या घरी बायको चुनाडबा काढते आणि मला शिडीवर चढवते.

आले. गाडीतून उतरल्या उतरल्या विचारलं, "इथे रिक्रिएशनला काय आहे?" आता हा प्रश्न आमच्या गावात आजवर कोणी विचारलाच नव्हता, कारण गावात ज्याला जे करायचं ते तो करतो, पारावर बसतो, पानठेल्यावर उभा राहतो, दुसऱ्याच्या वावरात कोणतं औषध मारलं ते पाहून नाक मुरडतो, कोणाची पोरगी पाहायला कोण आलं त्याची गाडी कोणत्या पासिंगची हे बघतो, आणि झाला दिवस. याला तिकीट नाही आणि बोर्डही नाही, म्हणून साडभाऊला ते दिसत नाही. मी म्हटलं, "चला, बगिचा पाहू."

बगिच्यात गेलो तर त्याचं तोंड उतरलं. डिसेंबर म्हणजे आंबिया बहाराचा माल तुटलेला आणि झाडं ताणावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, झाडाचं पाणी तोडायचं, पानं मलूल होईपर्यंत त्याला तहानलेलं ठेवायचं, मग जानेवारीत पाणी दिलं की ते घाबरून भसाभसा फुलतं. आता फोटोच्या दृष्टीनं हा काळ अगदीच वाईट. तो म्हणे, "झाडं आजारी आहेत का?" म्हटलं, "नाही हो, ताण दिलाय." तो म्हणे, "आम्ही स्ट्रेस घालवायला आलो आणि तुम्ही झाडांना स्ट्रेस देताय?" बाजूला आमचे शेजारचे मामा उभे होते, वय सत्तरीच्या पुढं, ते म्हणाले, "पाव्हणे, ताण नसन तर बहार येत नाई. तुमच्या हापिसातबी तसंच असन ना?" साडभाऊ गप्पच झाला, मला वाटते त्याचं अप्रेजल जवळ आलं असावं.

मग त्याला सेलर पाहायचं होतं. वाईनरीत म्हणे जमिनीखाली थंडगार खोली असते, तिथं लाकडाच्या पिंपांत वाईन मुरत ठेवतात. म्हटलं आमच्याकडे जमिनीखाली जे आहे ते तुमच्या नाशिकच्या बापाकडे नसन. त्याला बोअर दाखवला. नऊशे फूट. आमच्या भागात विहिरी केव्हाच्या आटल्या, संत्रा जगवायच्या नादात लोक आठशे-हजार फुटांवर गेले, भूजलाच्या नकाशात आमचा तालुका लाल झाला, आणि मोर्शीजवळ सिंभोऱ्याला एवढं मोठं अप्पर वर्धा धरण आहे त्याचं पाणी नळानं अमरावती शहर पितं. हे मी सगळं पोटतिडकीनं सांगत होतो आणि तो बोअरच्या केसिंगमध्ये वाकून विचारत होता की खाली टेंपरेचर किती असेल.

टेस्टिंगचा कार्यक्रम घरी झाला. बायकोनं संत्र्याचा रस काढून स्टीलच्या पेल्यात दिला. तर तो म्हणे दांडीचा ग्लास हवा, कारण हाताच्या उष्णतेनं आतलं पेय तापतं, दांडी धरली की तापत नाही. दांडीची एकच वस्तू घरात होती, देवघरातली पळी. शेवटी त्यानं पेलाच गोल गोल फिरवला, अर्धा रस सदऱ्यावर गेला, उरलेल्यात नाक खुपसलं आणि डोळे मिटले. मामा दारातून पाहून राह्यले होते. "पाव्हण्याले काही वास येऊन राह्यला का? नासला का रस?" म्हटलं, "नाही मामा, ते वास घेऊन पितात." "अन् घोट घेऊन थुंकतातही," साडभाऊ उत्साहात म्हणाला, "प्रोफेशनल टेस्टर पीत नाहीत, बाजूला भांडं असतं, त्यात थुंकतात, नाहीतर दहा वाईन चाखेपर्यंत माणूस आडवा होईल." मामा विचारात पडले. "थुंकाचे पैसे घेतात?" "म्हणजे... टेस्टिंगचे घेतात." "अबे मंग आमच्या पानठेल्यावर खर्रा घे ना, घोटून देते, चाखाले देते, थुंकाले अख्खा रोड हाय."

आणि खरं सांगू का, मामाचं म्हणणं तितकंसं चूक नाही. खर्रा आरोग्याला वाईट हे मला मान्य, तोंडाच्या कॅन्सरनं आमच्याच गावातली माणसं गेली, मी खात नाही आणि कोणी खाऊ नये. पण पानठेल्यावर जा आणि पाहा, सुपारी-तंबाखू-चुना प्लॅस्टिकच्या पन्नीवर घोटताना पोरं काय बारकाईनं बोलतात, चुना वर आला, सुपारी ओली होती, हा हात कालच्यासारखा नाही. ही भाषा फक्त इंग्रजीत बोलली की तिचे हजार रुपये होतात.

रस तासभर तसाच राहिला तर कडू झाला. साडभाऊ खूश, "वा, फिनिशमध्ये बिटरनेस आहे!" अरे बाबा ते फिनिश नाही, ते आमचं दुखणं आहे. नागपुरी संत्र्याचा रस ठेवला की कडवट होतो, लिमोनिन नावाचा पदार्थ तयार होतो त्यात, म्हणून तर झाडावरून तोडून सोलून खायला या फळाची बरोबरी नाही आणि बाटलीत भरायला निघाला की फॅक्टरीवाला कपाळाला हात लावतो. साल सैल म्हणून सोलायला सोपं, आणि साल सैल म्हणूनच ट्रकमध्ये दबायलाही सोपं. 2014 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, प्रमाणपत्र आलं, भाव आला नाही. बांगलादेशात आमचा माल जायचा तर त्यांनी 2023 पर्यंत आयात शुल्क किलोमागे 88 रुपयांवर नेलं. 88 रुपये! तेवढा भाव मला बगिच्यात मिळाला तर मीच नाशिकला जाऊन काय म्हणाल ते तुडवीन.

तुडवण्यावरून आठवलं. त्याला संत्री तुडवायची होती. नाही म्हणून पाहिलं. पण झाडाखाली गळीची संत्री पडलेलीच होती, गळ ही आमच्याकडे कमी नसणारी एकमेव गोष्ट, तर बायकोच्या बहिणीनं मोबाईल सरसावला, याने पॅन्ट वर केली आणि घमेल्यात उभा राहिला. आता द्राक्षाचं साल आणि संत्र्याचं साल यात फरक असतो हे त्याला इंजिनिअरिंगला शिकवलं नसावं. सालीत तेल असतं. लहानपणी आम्ही ते सालीची पिचकारी करून एकमेकांच्या डोळ्यात मारायचो. आणि पुण्याच्या माणसाच्या टाचांना थंडीत भेगा पडतात हेही मला त्या दिवशीच कळलं. पहिली दोन पावलं हसत हसत टाकली, तिसऱ्याला जे ओरडला ते ऐकून बांधावरचा बैल उभा राहिला. हातपंपावर पाय धुताना म्हणे, "नाशिकला असं झालं नव्हतं." मामा म्हणाले, "तथी पैसे दिले होते ना."

संध्याकाळी त्याला वाटलं, निदान गावात चांगली वाईन तरी मिळेल. इथं एक भूगोल सांगायला हवा. आमच्या तालुक्याच्या काठानं वर्धा नदी जाते आणि पलीकडे वर्धा जिल्हा, गांधीजींचा, सेवाग्रामचा, 1975 पासून दारूबंदी. म्हणजे नदीच्या त्या काठाला तहान आणि या काठाला दुकान. पुलावर संध्याकाळी ज्या मोटरसायकली या बाजूला येतात त्यांच्या लायटी पाहून साडभाऊ म्हणाला, "केवढं ट्रॅफिक! कुठे चाललेत सगळे?" म्हटलं, हेच ते आमचं वाईन टुरिझम, दुसऱ्या जिल्ह्यातून येतात, टेस्टिंग करतात आणि जाताना गाडी गोल गोल फिरवतात. दुकानात त्यानं शेनिन ब्लाँ मागितली. दुकानदारानं आधी मला विचारलं, "घरी कोणी बाळंतीण हाय का?" आणि मग वरच्या फळीवरून धूळ पुसत पोर्ट वाईनची एक बाटली काढली. 2022 मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी द्यायचं सरकारनं ठरवलं होतं, वाईन ही दारू नाही, द्राक्षवाल्या शेतकऱ्याचा फायदा होईल वगैरे चर्चा महिनाभर चालली आणि विरोधामुळे ते बारगळलं. अट होती दुकान किमान हजार स्क्वेअर फुटांचं पाहिजे. आमच्या किराणा दुकानात दुकानदार खुर्चीवर बसला की गिऱ्हाईक रस्त्यावर येतं, त्यामुळे आम्ही त्या वादात पडलोच नाही.

बहिरमच्या यात्रेत मात्र त्याला आवडलं. चांदूर बाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी ही यात्रा 20 डिसेंबरपासून महिनाभराहून जास्त चालते, लोणी आणि शेंदूर लावलेला बहिरमबुवा, मातीच्या हंडीतलं मटण आणि गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे. तिथं त्यानं नाक बिक काही घातलं नाही, सरळ तोंड घातलं. फोटो काढायचंही विसरला. घरी येताना गाडीत सगळे झोपले होते आणि मला वाटलं चला, जमलं.

तर गावात शिरता शिरता डोळे उघडून विचारतो, "इथे नाइटलाइफ आहे का?"

आहे ना. त्या आठवड्यात शेतीची लाईन, म्हणजे मोटरची वीज, रात्रीची होती. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, आठ तास. गव्हाला पाणी द्यायचं होतं. म्हटलं चला, दाखवतो. जॅकेट, कानटोपी, बॅटरी, रानडुकरांसाठी काठी. मध्यरात्री मोटर सुरू झाली, पाणी पाटातून निघालं, मी दांड फोडत होतो आणि हा धुऱ्यावर उभा राहून चांदण्या पाहत म्हणत होता की असा अनुभव पैसे देऊन मिळत नाही. म्हटलं थांब. तासाभरात त्याचे बूट चिखलात रुतले ते रुतलेच, पाय निघाला, बूट राहिला. मग डीपीवरचा डिओ, म्हणजे ट्रान्सफॉर्मरचा फ्यूज, उडाला. अंधार. काळोखात तुरीच्या वावरात काहीतरी खसखसलं आणि हा माझ्या पाठीला असा चिकटला जसा गोचीड गाईला. "बिबट्या?" "डुक्कर." "डुक्कर म्हणजे... चावतं?" म्हटलं चावत नाही, फाडते. लाईनमनला फोन लावला, तो म्हणे सकाळी पाहतो. मग शेकोटी पेटवली, तुरीच्या शेंगा भाजल्या, बाजूच्या वावरातले दोघं-तिघं आले, कोणाचं सोयाबीन किती झालं, कोणाच्या पोराला कोणत्या गावची पोरगी पाहिली, शंकरपटात कोणाची जोडी पळणार यावर बोलणी सुरू झाली आणि साडभाऊ एका पायात बूट, एका पायात माझी प्लॅस्टिकची पन्नी अशा अवस्थेत मधोमध बसून शेंगा सोलत होता आणि शंकरपटाच्या बैलाला खुराक काय देतात ते विचारत होता. पहाटेपर्यंत उठायला तयार नाही. मला झोप येत होती, त्याला नाही. गहू कोरडाच राहिला ते वेगळं, त्याचा हिशोब कोणाकडे मागणार.

निघायच्या दिवशी डिकीत संत्र्याचे क्रेट भरताना म्हणाला, "पुढच्या वर्षी ऑफिसची टीम आणतो. पंचवीस जण. तुम्ही पर हेड किती घ्याल?" मी लाजून, "अरे घरचंच आहे, पैसे कसले..." एवढं म्हणेपर्यंत बायको ओट्यावरून उतरली. "बाराशे. जेवण धरून. रोडगे पायजे असन तर दीडशे वरून. रात्रीची मोटर वेगळी, तिचे पाचशे."

"आणि संत्री तुडवायची असतील तर?"

"तुडवाचे तीनशे, मलमाचे पन्नास."

पारावरून मामा ओरडले, "अन् थुंकाचे किती व सूनबाई?"

"ते फुकट," ती म्हणाली, "पण अंगणात नाई."