योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे

सार्वजनिक रुग्णालयात मी २७ वर्षं परिचारिका होते. एवढ्या काळात माझ्याविरुद्ध एकच लेखी तक्रार आली, आणि ती खरी होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी ते दीड पान मला जवळजवळ पाठ आहे. आज त्याबद्दल लिहायला बसले, कारण परवा एका मैत्रिणीला तिच्या तक्रारीचं उत्तर आलं आणि तिने ते मला फोनवर वाचून दाखवलं. ‘आपल्या तक्रारीची दखल घेण्यात आली असून योग्य ती कार्यवाही करण्यात आली आहे.’ माझ्या वेळच्या उत्तरात शब्द न् शब्द हेच होतं.

रात्रपाळी होती. ३८ खाटा आणि आम्ही दोघी. भिंतीकडच्या रांगेत एक आजोबा होते, खुब्याचं हाड मोडलेलं, कानांनी कमी ऐकू येणारे. दीडच्या सुमारास त्यांना लघवीला लागली. त्यांनी बेल दाबली, दाबत राहिले. त्या रांगेतल्या बेल बंद होत्या. वॉर्डात सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि सगळ्यांना ठाऊक असल्यामुळेच कोणी बोलत नव्हतं. मी तेव्हा दुसऱ्या टोकाला एका अत्यवस्थ पेशंटपाशी होते. आजोबा सकाळपर्यंत ओल्या चादरीवर पडून होते. सहा वाजता मी त्यांच्याजवळ पोचले तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं. मी अंग पुसलं, चादर बदलली, पुढच्या पाळीला ओव्हर दिली आणि घरी गेले.

आजोबांच्या मुलीने लेखी तक्रार केली आणि चार दिवसांनी माझ्या हातात मेमो पडला. तुमच्यावर कारवाई का करण्यात येऊ नये, याचा खुलासा तीन दिवसांत सादर करावा. अशा प्रश्नाला माणूस एकच उत्तर देतो. काय लिहायचं ते वरिष्ठांनी सांगितलं: सदर रुग्णास वेळोवेळी आवश्यक ती शुश्रूषा देण्यात आली असून कर्मचाऱ्यांकडून कोणताही हलगर्जीपणा झालेला नाही. मी सही केली. त्या सहीची मला आजही लाज वाटते.

माझ्या खुलाशात बेलचा उल्लेखच नव्हता. त्या रात्री काय घडलं, असं मला कोणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर पहिल्याच वाक्यात बेल आली असती, दुसऱ्यात दोघींवर ३८ खाटा आल्या असत्या आणि तिसऱ्यात मी स्वतः, कारण मधे एक फेरी मारणं मला शक्य होतं आणि मी ती मारली नाही. या तिन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यातली एकही फायलीत गेली नाही. मुलीला ते एका ओळीचं उत्तर गेलं, रजिस्टरमध्ये तक्रारीपुढे ‘निकाली’ असा शेरा पडला, आणि बेल बंदच राहिल्या.

‘निकाली’ या शब्दावर माझा राग आहे. आढावा बैठकीत विचारतात, किती तक्रारी आल्या, किती निकाली निघाल्या, किती प्रलंबित. निकाली जास्त आणि प्रलंबित कमी असले की सगळे खूश. तक्रारीमुळे काय बदललं, हा रकाना मी कुठल्याच रजिस्टरमध्ये पाहिला नाही. ज्या कामाची मोजणी होते तेच काम होतं, म्हणून उत्तरं झपाट्याने जातात आणि वॉर्ड होता तसाच राहतो.

त्या मुलीने शेवटच्या परिच्छेदात लिहिलं होतं की तिला कोणाची नोकरी घालवायची नाही. वडील घरी आलेत, पण त्या खाटेवर आता दुसरं कोणीतरी असेल, त्याच्यासाठी ती लिहीत होती. तेव्हा मला वाटलं की ही बाई फार मोठ्या मनाची आहे. पुढे या विषयावर वाचताना कळलं की बहुतेक लोक असेच असतात. १९९४ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला होता. डॉक्टरांविरुद्ध कायदेशीर पाऊल उचललेल्या २२७ रुग्णांना आणि नातेवाइकांना विचारलं होतं की तुम्ही हे का केलं. भरपाई हे एक कारण होतंच. पण त्याबरोबर ठळकपणे आलेली कारणं अशी होती: असं पुन्हा कोणाच्या बाबतीत होऊ नये, काय झालं आणि का झालं ते कळावं, आणि जबाबदार माणसांनी जबाबदारी घ्यावी. ही माणसं कोर्टाच्या वाटेला लागलेली होती, तरी त्यांचं मागणं हे होतं. साध्या अर्जावर थांबलेल्यांचं वेगळं काय असणार?

आणि न ऐकल्याची किंमत केवढी असू शकते ते इंग्लंडमध्ये दिसलं. स्टॅफर्डच्या रुग्णालयात २००५ ते २००९ या काळात रुग्णांचे अतोनात हाल झाले. ज्युली बेली यांची आई तिथे २००७ मध्ये वारली. त्यांनी इतर कुटुंबांना एकत्र केलं आणि वकील रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या अध्यक्षतेखाली सार्वजनिक चौकशी होईपर्यंत पाठपुरावा सोडला नाही. २०१३ च्या त्या अहवालात २९० शिफारशी आहेत. लोक आधीपासून सांगत होते, लिहीत होते. त्या पत्रांकडे इशारा म्हणून पाहिलं गेलं नाही. अहवालातली एक शिफारस मला फार मोलाची वाटते: रुग्णाने रीतसर तक्रार केली नसली, पण त्याच्या बोलण्यातून काळजीचं कारण दिसत असेल, तर त्याचीही रीतसर तक्रारीइतकीच नीट चौकशी व्हावी.

हे मोलाचं का, ते काळजी-सेवांकडे पाहिलं की कळतं. वृद्धांची निवासी केंद्रं, अपंगांसाठीच्या सेवा, घरी येणारे मदतनीस. रुग्णालयातून माणूस आठ दिवसांनी बाहेर पडतो. इथे ज्याच्याविरुद्ध बोलायचं, तोच उद्या सकाळी आंघोळ घालणार असतो, तोच घास भरवणार असतो. कोण तोंड उघडेल? नातेवाईकसुद्धा मला कानात सांगायचे, ‘सिस्टर, नाव नका सांगू हं, आईलाच त्रास होईल.’ अशा ठिकाणी तक्रारपेटी रिकामी आहे म्हणून सगळं आलबेल आहे असं जो मानतो, त्याने एकदा तिथल्या अंथरुणावर रात्र काढावी. तोंडी सांगितलेलं कर्मचाऱ्याने स्वतः लिहून घ्यायला हवं. आणि सेवा देणाऱ्यांच्या हाताखाली नसलेला, फुकट मिळणारा कोणीतरी सोबतीला हवा. न्यूझीलंडमध्ये तसं आहे. तिथे १९९६ पासून आरोग्य आणि अपंगत्व सेवा घेणाऱ्यांच्या हक्कांची एक संहिता लागू आहे. तिच्यातल्या दहा हक्कांपैकी दहावा तक्रार करण्याचा, आणि त्यासाठी स्वतंत्र साहाय्यक मोफत मिळतात.

दुसरा छळ खिडक्यांचा. रुग्णालय म्हणतं, घरी सोडल्यानंतरचं आमच्याकडे येत नाही. काळजी-सेवावाले म्हणतात, जखम रुग्णालयातूनच घेऊन आले. मधल्या मधे माणूस हेलपाटे घालतो. इंग्लंडमध्ये २००९ च्या नियमांनी आरोग्य आणि सामाजिक काळजी या दोन्हींच्या तक्रारी एकाच पद्धतीत आणल्या. पोच तीन कामाच्या दिवसांत द्यायची, आणि तक्रार दोन्ही संस्थांशी संबंधित असेल तर त्यांनी आपसात बोलून तक्रारदाराला एकत्र उत्तर द्यायचं. कागदावरचा नियम लगेच अंगी लागतो असं नाही. पण कुठली खिडकी हे शोधणं तक्रारदाराचं काम नाही, एवढं तरी तिथे लिहून ठेवलं आहे.

मी कर्मचाऱ्यांना पाठीशी घालते आहे असं कोणाला वाटेल. तसं नाही. ऑस्ट्रेलियात सुमारे १९ हजार तक्रारी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा तिथल्या अवघ्या ३ टक्के डॉक्टरांविरुद्ध त्यातल्या ४९ टक्के तक्रारी निघाल्या. एकेक अर्ज सुटा निकाली काढत बसलं तर हे कधीच दिसणार नाही. ज्याच्याबद्दल पुन्हा पुन्हा तेच ऐकू येतं त्याला थांबवायलाच हवं. पण त्यासाठीही आधी घडलेलं खरं खरं लिहिलं गेलं पाहिजे. पहिल्याच कागदावर कारवाईची धमकी असेल तर चांगले आणि वाईट दोघेही सारखाच खुलासा लिहितात, माझ्यासारखा.

माफीबद्दलही बोलायला हवं. ‘आपल्या भावना दुखावल्या असल्यास दिलगीर आहोत’ ही माफी नाही. यात चूक भावनांची ठरते. वरिष्ठांना भीती असते की माफी मागितली तर कोर्टात तीच अंगाशी येईल. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००६ च्या कायद्याने स्पष्टच सांगितलं की नुसती माफी मागणं म्हणजे निष्काळजीपणाची कबुली नव्हे. अमेरिकेत केंटकी राज्यातल्या लेक्सिंग्टनच्या माजी सैनिकांच्या रुग्णालयाने तर १९८७ पासूनच चूक झाली की आपणहून रुग्णाला सांगायचं आणि भरपाई देऊ करायची असं धोरण ठेवलं. त्या रुग्णालयाचं दिवाळं निघालं नाही. भरपाईचा खर्च त्यांच्यासारख्या इतर रुग्णालयांच्या तुलनेत माफकच राहिला.

तक्रार करणाऱ्यांना माझं एकच सांगणं. तारीख, वेळ, वॉर्ड, खाट आणि जे घडलं ते क्रमाने लिहा, काय व्हायला हवं तेही लिहा, आणि एक प्रत स्वतःकडे ठेवा. ‘योग्य ती कार्यवाही’ असं उत्तर आलं तर पुन्हा एका ओळीचं पत्र पाठवा: नेमकी कोणती कार्यवाही?

त्या मुलीचा पत्ता माझ्याकडे नाही. तेव्हा असता तरी मला तिला लिहायची परवानगी नव्हती. त्या दिवशी खरं लिहू दिलं असतं, तर मी हे लिहिलं असतं:

‘तुमचं पत्र वाचलं. तुम्ही लिहिलंत तसंच घडलं. तुमचे वडील रात्री दीडपासून सकाळी सहापर्यंत ओल्या चादरीवर होते आणि त्यांच्याकडे कोणी गेलं नाही. त्या रात्री वॉर्डात मी होते. त्यांच्या खाटेची बेल बंद होती, हे आम्हाला आधीपासून माहीत होतं. आम्ही दोघीच होतो, हेही खरं आहे, पण मधे एकदा येऊन जाणं मला जमलं असतं. मी आले नाही, त्याबद्दल मला माफ करा. वडिलांना चालत असेल तर मला त्यांना भेटून हे सांगायचं आहे. त्या रांगेतल्या सगळ्या बेलच्या दुरुस्तीचा अर्ज आज दिला आहे, त्याची प्रत सोबत जोडते. दुरुस्ती होईपर्यंत त्या रांगेत दर तासाला फेरी होईल आणि फेरीची वेळ खाटेपाशी लिहिली जाईल. बेल सुरू झाल्या की तुम्हाला फोन करेन.’