घरची बिअर आणि वारशाचे सामान : एका आक्षेपाला उत्तर

नमस्कार. वारशाने आलेल्या सामानावर घरी बिअर करायला सुरुवात कशी करावी, या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, त्याबद्दल आभार. आपले म्हणणे थोडक्यात असे की, वर्षानुवर्षे अडगळीत पडलेल्या भांड्यांत जंतू असतात, त्यांत केलेली बिअर पिऊन माणूस आजारी पडू शकतो, आणि म्हणून नवशिक्याला ती वापरायला सांगणे बेजबाबदारपणाचे आहे. सगळे टाकून नवे घ्यावे. सावधगिरीचा आपला आग्रह मला मान्य आहे. पण आपण बोट ठेवले तो धोका वेगळा आणि खरा धोका वेगळा, आणि हा फरक लक्षात घेतला नाही तर नवे सामान घेणाराही सुरक्षित राहत नाही.

नीट आंबलेल्या बिअरचा पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा, साधारण ४ ते ४.५ असतो (म्हणजे ती आम्लधर्मी असते), तिच्यात अल्कोहोल आणि हॉप्समधली (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांमधली) कडू आम्ले असतात, शिवाय यीस्टने, म्हणजे साखर आंबवणाऱ्या सूक्ष्मजीवाने, प्राणवायू आणि आंबण्याजोगी बहुतेक साखर आधीच संपवलेली असते. अशा द्रवात माणसाला आजारी पाडणारे जंतू सहसा तग धरत नाहीत. तग धरतात ते लॅक्टोबॅसिलस आणि पेडिओकॉकससारखे जीवाणू आणि ब्रेटानोमायसिससारखे रानटी यीस्ट, आणि ते नासवतात ती चव. म्हणून स्वच्छता हवीच, पण ती नेमक्या जागी हवी. उकळण्याच्या पातेल्यात माल्टचा (मोड आणून वाळवलेल्या धान्याचा) काढा, म्हणजे वर्ट, तासभर खळखळत असतो. ते पातेले घासून स्वच्छ असले की पुरे. वर्ट थंड झाल्यावर मात्र त्याला जे जे लागते, मग ती सायफनची नळी असो, एअरलॉक (आतला वायू बाहेर सोडणारी, पण बाहेरची हवा आत न येऊ देणारी झडप) असो की ढवळण्याचा चमचा, ते प्रत्येक वेळी निर्जंतुक केलेलेच असले पाहिजे.

इथेच जुन्या सामानाची निवड करावी लागते. प्लॅस्टिकच्या बादलीत टॉर्च तिरपा धरून आतून पाहावे. घासणीचे बारीक ओरखडे उजेडात रेषांसारखे चमकतात आणि त्या रेषांत जंतूंचा जो थर बसतो त्याच्या तळापर्यंत जंतुनाशक औषध पोहोचत नाही. अशी बादली, सगळ्या नळ्या, रबरी बुचे आणि वायसर निःसंकोच टाकून द्यावेत. उरलेले जुने यीस्ट, माल्ट आणि हॉप्सही टाकावेत. स्टेनलेस स्टील आणि काच यांना वयाचे वावडे नाही. काचेच्या मानेशी वाळलेल्या फेसाचे तपकिरी कडे असते, ते कोमट पाण्यात सोडियम परकार्बोनेट घालून रात्रभर भिजवले की सुटते. हे झाले साफ करणे. निर्जंतुक करणे ही त्यानंतरची वेगळी पायरी आहे, कारण मळावर ओतलेले औषध मळातच संपते. स्टीलवर ब्लीच मात्र वापरू नये, त्याने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

आता ज्याची मला खरोखर काळजी वाटते आणि ज्याचा आपल्या प्रतिक्रियेत उल्लेख नाही, ते सांगतो : शिसे आणि काच. आंबवण्यासाठी पूर्वी वापरलेल्या मातीच्या बरणीच्या झिलईत शिसे असू शकते, आणि आम्लधर्मी बिअर त्यात काही दिवस राहिली की ते तिच्यात उतरते. ते दिसत नाही आणि चवीलाही कळत नाही. जुन्या पातेल्याला नळ झाळून बसवलेला असेल तर त्या झाळणातही शिसे असण्याची शक्यता असते. झिलईची खात्री नसेल तर ती बरणी वापरूच नये, आणि अशा झाळणाचा सांधाही काढूनच टाकावा. या बाबतीत माझे मत आपल्याइतकेच कडक आहे.

काचेच्या मोठ्या बरणीचे वजन भरल्यावर वीस किलोंच्या पुढे जाते. तिला केसासारखी बारीक चीर असेल, किंवा तिच्यात कढत वर्ट ओतला, तर ती हातात फुटते आणि त्या जखमा गंभीर असतात. मानेला धरून ती कधीही उचलू नये. बाटल्यांचेही तसेच. तोंडाशी टवका उडालेली बाटली बाद करावी, आणि भरण्यापूर्वी दोन-तीन दिवस हायड्रोमीटरचा (द्रवाची घनता मोजणाऱ्या तरंगत्या काचनळीचा) आकडा अपेक्षित पातळीवर स्थिर आहे याची खात्री करावी. आंबणे अर्धवट असताना भरलेली बाटली नवी कोरी असली तरी फुटू शकते. जुना हायड्रोमीटरही आधी तपासावा लागतो, कारण आतली कागदी पट्टी सरकलेली असू शकते. त्याच्यावर छापलेल्या तापमानाच्या, म्हणजे बहुधा १५.५ किंवा २० अंश सेल्सिअसच्या, शुद्ध पाण्यात तो १.००० दाखवतो का ते पाहावे. १.००३ दाखवत असेल तर प्रत्येक वाचनातून ०.००३ वजा करावेत. त्याहून फार चुकत असेल तर नवा घ्यावा.

सगळे नवे घेतल्याने यातले ओरखडे आणि चिरा टळतील, हे खरे. पण बाटलीत भरताना साखर मापात घालणे (फेसासाठी लिटरमागे साधारण ६ ते ७ ग्रॅम) आणि थंड वर्टला लागणारी प्रत्येक वस्तू निर्जंतुक करणे टळणार नाही. जंतूंच्या भीतीने चांगले स्टीलचे पातेले भंगारात घालणे म्हणजे साप साप म्हणून भुई धोपटणे होईल. नवशिक्याने नळ्या, बुचे आणि आंबवण्याची बादली नवी घ्यावी, आणि पातेले घासून चुलीवर चढवावे, हा माझा सल्ला मी कायम ठेवतो.