पाच मिनटाचं काम म्हणे!

खारघरच्या टू बीएचकेत आम्ही सहा जणी राहतो, म्हणजे वर्षाला सहाच बर्थडे असं वाटेल तुम्हाला, पण नाही, यांच्या बेस्ट फ्रेंडचे, बेस्ट फ्रेंडच्या बॉयफ्रेंडचे पण आमच्याच हॉलमधे! आणि दर वेळी रात्री अकराला दार ढकलून कोणीतरी येणार, "अगं तू आर्टिस्ट ना, एक कार्ड करून दे ना, पाच मिनटाचं काम". अगं बाई, वॉटरकलरचा पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, सुकायलाच कधीकधी त्याहून जास्त वेळ लागतो, पावसाळ्यात तर विचारूच नका.

काल मात्र हद्द झाली. रविवारी पहाटे उठून नेरुळच्या तलावाकाठी डास मारत मारत फ्लेमिंगो काढले होते, 300 जीएसएमच्या, म्हणजे चांगल्या जाड, कॉटन पेपरवर (एका शीटच्या पैशात दोन दिवस वडापाव येतो), तर यांनी त्याच्या पाठीवर परमनंट मार्करने 'हॅपी बर्थडे बच्चा' लिहिलं. शाई पलीकडे उमटली, आता एका फ्लेमिंगोच्या मानेतून उलटा 'बी' आरपार गेलाय. वर म्हणे, "मागची बाजू कोरीच होती की!"

आणि माझा आठ नंबरचा राउंड ब्रश सकाळी सिंकमधे सापडला. पावाला बटर लावलं त्या ब्रशने. केस सगळे चिकटलेले, टोकाला कोथिंबिरीचं एक पान.

शुक्रवारी परत बर्थडे आहे. ग्रुपवर मेसेज पडलाय, "थीम पिंक ठेवूया, हिच्याकडे फ्लेमिंगोचा रंग उरला असेल".