रॅस हे आडनाव आहे, स्वभाव नव्हे

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या खाऱ्या पाण्यात मासे पाळणाऱ्या टाकीवाल्यांच्या मोबाईलवर गेल्या पावसाळ्यापासून एक मजकूर फिरतोय. मला तो चौघांकडून आला. दोघांनी वर ‘काका, बघा किती सोपं आहे’ असंही लिहिलं होतं. मजकुराचा सारांश असा: चार फुटी रीफ टँकसाठी, म्हणजे प्रवाळ ठेवलेल्या टाकीसाठी, रॅससारखा निर्धोक मासा नाही. सगळे रॅस रीफ-सेफ असतात, तेव्हा आवडतील ते सहा-सात घ्या. सुरुवात सिक्स-लाइन या रॅसने करा, तो काटक असतो. एक नर, एक मादी अशी जोडी घेतली की भांडण नाही. एक क्लीनर रॅस (दुसऱ्या माशांच्या अंगावरचे परजीवी खाणारा) सोडला की पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाची आणि क्वारंटाइनची कटकट संपली. झाकण आणि वाळू हा नुसता दुकानदारांचा धंदा. आणि शेवटी, आपल्याच किनाऱ्यावर फुकट मिळतात, तर पैसे कशाला?

माझी टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, पावणेदोन फूट उंच आहे, म्हणजे तीनशे लिटरच्या आसपास. वरच्या यादीतल्या तीन चुका मी स्वतः करून बसलोय, त्यामुळे हे शहाणपण कुणावर उगारायला लिहीत नाही. पण मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलला जातोय आणि मासे मरताहेत.

पहिलं वाक्यच घ्या: ‘सगळे रॅस रीफ-सेफ.’ रॅस हे एका कुळाचं नाव आहे. त्या कुळात पाचशेहून जास्त जाती आहेत. सावंत आडनावाच्या माणसाने पैसे उसने मागितले, तर नुसतं आडनाव ऐकून तो परत देईल की नाही हे ठरवाल का? या कुळात आठ सेंटिमीटरवर थांबणारा पॉसम रॅस आहे आणि दोन मीटरच्या वर वाढणारा नेपोलियन रॅसही आहे. मधल्या पाहुण्यांची यादीही बघण्यासारखी आहे. ट्यूबलिप रॅस प्रवाळाचे पॉलिप खाऊनच जगतो. ड्रॅगन रॅस लहानपणी तरंगत्या शेवाळासारखा दिसतो म्हणून लोक भुलतात, आणि मोठा झाला की दगड उलटेपालटे करून खालचं खाणं शोधतो. तुम्ही दोन दिवस खपून रचलेला दगडांचा डोंगर त्याच्या लेखी ताटावरचं झाकण असतं. मून रॅस पंचेचाळीस सेंटिमीटरपर्यंत जाऊ शकतो आणि कोळंबी, खेकडे, लहान मासे असं सगळं चाखून बघतो.

माझी स्वतःची फसगत झाली ती कोरिस गैमार्ड नावाच्या रॅसच्या पिल्लाने. नारिंगी-लाल अंगावर काळ्या किनारीचे पांढरे ठिपके, बोटाएवढा जीव. विकणाऱ्याने ‘लाल रॅस’ एवढंच सांगितलं आणि मीही पुढे काही विचारलं नाही. तोच मासा वयात आला की रंगरूप पार बदलतो आणि चाळीस सेंटिमीटरपर्यंत वाढतो. माझ्याकडे तो वीतभर होईतो राहिला. तेवढ्या काळात टाकीतल्या गोगलगाई एकामागून एक रिकाम्या शंखांत बदलल्या आणि दोन क्लीनर कोळंब्या गायब झाल्या. कोरलला मात्र त्याने तोंड लावलं नाही. म्हणजे ‘रीफ-सेफ’ या शब्दाचे खरं तर दोन अर्थ आहेत: कोरल खात नाही हा एक, आणि कोरलभोवती राहणारं काही खात नाही हा दुसरा. मजकूर लिहिणाऱ्याने पहिला अर्थ धरला आणि वाचणाऱ्याने दुसरा.

मग चार फुटी टाकीत काय जमतं? माझ्या मते चार गट. मधल्या पाण्यात पोहत प्लवक टिपणारे फेअरी रॅस, त्यांचे लहान भाऊ फ्लॅशर रॅस, वाळूत झोपणाऱ्या हॅलिकोरिस गटातला पिवळा कॅनरी रॅस, आणि कपारीतून डोकावणारा पॉसम. फेअरीतले बरेचसे दहा-बारा सेंटिमीटरचे, फ्लॅशर आठच्या आसपास, कॅनरी बाराचा. लेपर्ड रॅस फार देखणा असतो, पण तो वाळूतले बारीक शंख आणि फोरामिनिफेरा हे कवचवाले सूक्ष्मजीव टिपत जगणारा मासा आहे. दोन-तीन महिन्यांच्या कोवळ्या टाकीत त्याला आणणं म्हणजे उपाशी ठेवायला आणणं. माझा लेपर्ड पहिले आठ दिवस पेलेटकडे, म्हणजे तयार दाण्यांकडे, फिरकलाही नाही. शेवटी बाजारातून ताजी तिसरी (शिंपली) आणली, अर्धी उघडून वाळूवर ठेवली, तेव्हा कुठे त्याने चोच मारली. मग रोज एक तिसरी, हळूहळू तिच्याबरोबर मायसिस ही बारीक कोळंबी, मग ताजा जवळा धुऊन बारीक चिरून. सुका जवळा नको. माशांना दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं खायला घालायला घरी कोणी नसेल, तर लेपर्डचा नाद सोडलेला बरा.

आता सिक्स-लाइन. तो काटक आहे हे खरंच. पण सगळा घोळ त्याच काटकपणातून होतो. जेमतेम बोटाएवढा मासा, पण दगडातली प्रत्येक फट आपल्या बापजाद्यांची असल्यासारखा वागतो. पहिला सोडलात की आठवडाभरात अख्खी टाकी त्याच्या सातबाऱ्यावर चढते. मग आणलेला फ्लॅशर कोपऱ्यात पंप चिकटवलाय तिथे अंग आक्रसून उभा राहतो, खायला बाहेर येत नाही आणि दहा-पंधरा दिवसांत जातो. लोक म्हणतात, मासा आजारी होता. आजारी नव्हता, त्याला जगूच दिलं नाही. सिक्स-लाइन घ्यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी घ्या, आणि टाकीत पॉसम किंवा फ्लॅशर असेल तर मुळीच घेऊ नका. तोच आकार आणि तसंच कपारीतलं वागणं हवं असेल तर पॉसम आहेच की. मजकुरात सोडण्याच्या क्रमाबद्दल चकार शब्द नाही, आणि माझ्या अनुभवात निम्मा खेळ क्रमाचाच असतो: आधी भित्रे, मग मध्यम, शेवटी दांडगे. माझा क्रम पॉसम, फ्लॅशर, कॅनरी, फेअरी असा होता. हॅलिकोरिसपैकीच मेलान्युरस रॅस घ्यायचा असेल तर तो फेअरीच्याही नंतर. नव्या माशाला पहिले दोन-तीन दिवस भोकं पाडलेल्या पारदर्शक डब्यात टाकीतच टांगून ठेवायचं. जुने येऊन काचेवर टक्कर मारतात, कंटाळतात, मग त्याला सोडायचं.

‘एक नर, एक मादी’ हा सल्ला माणसांच्या लग्नावरून घेतलेला दिसतो. रॅसमध्ये लिंग जन्मभराचं नसतं. बहुतेक जातींत मासा आधी मादी असतो आणि गटातला नर गेला की सगळ्यात दांडगी मादी नर होते. क्लीनर रॅसवर १९७२ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन यात फार गाजलं: नर काढून घेतल्यावर काही तासांत वरच्या मादीने नराची दादागिरी सुरू केली आणि दोन-अडीच आठवड्यांत ती खरोखर नर झाली. तेव्हा दोन लहान माद्या आणल्यात तरी थोड्या महिन्यांत त्यातली एक नर होण्याची शक्यता मोठी. उलट, एक नर आणि एकच मादी ठेवली तर नराची सगळी मस्ती त्या एकटीवर निघते. फ्लॅशरचा नर आणि दोन-तीन माद्या, हे जमतं, आणि समोर माद्या असल्या की नर पंख उभारून रंग असा पेटवतो की पाहुणे चहा विसरतात. फेअरीच्या वेगवेगळ्या जातींचा एकेक नर, हेही चालतं, फक्त दिसायला अगदी सारखे दोन नकोत. भांडण बहुधा आरशासारख्या दिसणाऱ्याशी होतं.

दिसण्यावरून आठवलं. मालदीवच्या खोल पाण्यातला एक गुलाबी फेअरी रॅस कितीतरी वर्षं दुसऱ्याच जातीच्या नावाखाली खपत होता. २०२२ साली तो वेगळी जात असल्याचं जाहीर झालं आणि त्याला धिवेही भाषेतल्या गुलाबाच्या नावावरून ‘फिनिफेन्मा’ हे नाव मिळालं. शास्त्रज्ञांचीही जिथे गल्लत होते तिथे पिशवीवरच्या चिठ्ठीवर किती विसंबायचं, हे ज्याने त्याने ठरवावं. मी फोटो काढून घरी नीट ताडून बघितल्याशिवाय पैसे देत नाही.

सगळ्यात नुकसान करणारा दावा क्लीनर रॅसचा आहे. समुद्रात हा मासा खरोखर कमाल करतो. एकेक क्लीनर रॅस दिवसाला बाराशेच्या आसपास परजीवी खातो असं ऑस्ट्रेलियाच्या ग्रेट बॅरियर रीफवर मोजलं गेलंय. पण ते परजीवी मुख्यतः नॅथिइड, म्हणजे बाहेरून चिकटून रक्त पिणारे किडे. आपल्या टाकीतला पांढरा ठिपका म्हणजे क्रिप्टोकॅरियन नावाचा सूक्ष्म परजीवी. तो माशाच्या त्वचेच्या वरच्या थराखाली बसतो, तिथे क्लीनरची चोच पोचत नाही. काही दिवसांनी तो गळून वाळूत-दगडात कोश करतो आणि त्यातून पुन्हा शेकडो पिल्लं सुटतात. क्लीनर तिकडे बघतसुद्धा नाही. उलट क्लीनर स्वतःच हा रोग घरी घेऊन येऊ शकतो. आणि सहा-सात माशांच्या टाकीत त्याचं पोट भरायला नॅथिइड येणार कुठून? मग तो बाकीच्यांच्या अंगावरचा चिकट थर ओरबाडत त्यांच्या मागे लागतो. ते वैतागतात, आणि तयार खाणं शिकला नाही तर तो हळूहळू झिजून मरतो. समुद्रात एका क्लीनरच्या ठाण्यावर कित्येक मासे रांग लावतात. तो तिथून उचलून आपल्या दिवाणखान्यात उपाशी मारायचा, हे मला पटत नाही. स्पष्टच सांगतो, क्लीनर रॅस विकत घेऊ नका.

क्वारंटाइनला पर्याय नाही. तीस-चाळीस लिटरची साधी टाकी, स्पंज फिल्टर, लपायला पीव्हीसी पाइपचे तुकडे, किमान महिनाभर. कॅनरी किंवा लेपर्ड असेल तर आइस्क्रीमच्या डब्यात बारीक वाळू भरून तळाशी ठेवायची, नाहीतर तो झोपायला जागा शोधत काचेवर तोंड घासून जखमा करून घेतो. मोठ्या टाकीत रोग शिरलाच तर सगळे मासे बाहेर काढून ती अडीच महिने माशांविना चालवायची. हे मी एकदा केलंय. घरच्यांचे टोमणे अजून संपलेले नाहीत.

झाकण आणि वाळूवर फार लिहायला नको. फेअरी आणि फ्लॅशर वाळूत झोपत नाहीत, स्वतःभोवती चिकट कोश करून दगडात झोपतात, त्यांना वाळू नसली तरी चालतं. हॅलिकोरिस, लेपर्ड, कोरिस यांना पाचेक सेंटिमीटर बारीक वाळू लागतेच. नवा मासा वाळूत शिरून तीन-चार दिवस दिसला नाही तर उकरू नका. झाकण मात्र सगळ्यांना. मालवणच्या एका पोराने हा मजकूर वाचून जाळी काढली, आणि चौथ्या दिवशी त्याचा फोन: ‘काका, मासो उडी मारून भायर पडलो.’ रात्री वीज गेली, पुन्हा आली, दिवे एकदम लागले, आणि दचकलेला फेअरी थेट फरशीवर. आपल्याकडे जून ते सप्टेंबर वीज किती वेळा जाते हे कोकणात कुणाला सांगायला नको. पाच-सहा मिलिमीटरच्या भोकांची जाळी घट्ट बसवा, सम्पकडे (पाणी गाळायच्या खालच्या टाकीकडे) पाणी जातं त्या खाचेवरसुद्धा. आणि बॅटरीवरचा हवेचा पंप घरात असू द्या. जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत कित्येक गावं दिवसचे दिवस अंधारात होती, त्या वेळी टाक्या तगल्या त्या असल्या पंपांवर.

राहिलं ‘आपल्याच किनाऱ्यावर फुकट’. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली झालं, एकोणतीस चौरस किलोमीटरचं. तिथे माशांना हात लावायच्या आधी वनखात्याशी गाठ आहे. रॅस कायद्याच्या यादीत नसेल, पण त्याच्यासोबत लोक ‘लाईव्ह रॉक’ (जिवंत जीव चिकटलेले समुद्रातले दगड) म्हणून जे उचलून आणतात त्यात प्रवाळ असतं, आणि दगडी प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. वाघही त्याच अनुसूचीत आहे. पावसाळ्यात किनाऱ्यावरून भरून आणलेलं पाणी हाही फुकटातला सौदाच. खाड्या फुगल्या की मुखाजवळचा समुद्र गढूळ आणि गोडसर होतो. टाकीला १.०२५ च्या आसपासची घनता हवी, आणि त्या दिवसांत तिथलं पाणी त्याच्या बरंच खाली येतं. खाऱ्या टाकीसाठीचं मीठ विकत घ्या, मोजून घाला.

त्या मालवणच्या पोराकडे आता उरलाय एकटा सिक्स-लाइन. मी त्याला सांगितलंय: त्याला पकडून सम्पमध्ये ठेव, दगड नव्याने रच, म्हणजे जुना सातबारा रद्द. मग पॉसम-फ्लॅशरचा विचार सोड, दोन फेअरी घे, ते स्थिरावले की महिन्याने सिक्स-लाइन परत आण. पकडायला प्लास्टिकच्या बाटलीचं तोंड कापून ते उलटं आत बसवायचं आणि तळाशी जवळा ठेवायचा. आज बारावा दिवस. रोज सकाळी बाटलीत एक शंखवाला खेकडा सापडतो, आणि सिक्स-लाइन बाहेरून बघत असतो.