व्हिटॅमिन डीच्या मोठ्या डोसने धमन्यांतलं कॅल्शियम निघत नाही

डायलिसिसच्या रुग्णांच्या घरी एक मेसेज फिरतोय: "किडनीच्या रुग्णांत व्हिटॅमिन डी कमी असतं, त्यामुळे रक्तवाहिन्या कडक होतात. मोठा डोस सुरू करा, कॅल्शियम धमन्यांतून निघून हाडांत जाईल. साधं जीवनसत्त्व आहे, अपाय काहीच नाही." पहिले चार-पाच शब्द खरे आहेत. बाकीच्यावर विसंबून कुणी गोळ्या वाढवू नयेत, म्हणून हे लिहितोय.

"त्यामुळे कडक होतात" हे सिद्ध झालेलं नाही. डी कमी असलेल्यांत हृदयाचे त्रास जास्त दिसतात, पण जो जास्त आजारी तो उन्हात कमी जातो, जेवतोही कमी. त्याचं डी घसरणारच. जपानमधल्या जे-डेव्हिड चाचणीत हिमोडायलिसिसवरचे ९७६ रुग्ण होते, पीटीएच (हाडांतलं कॅल्शियम रक्तात आणणारं संप्रेरक) फारसं न वाढलेले. निम्म्यांना रोज ०.५ मायक्रोग्रॅम अल्फाकॅल्सिडॉल (डॉक्टर देतात ते डीचं एक औषध) दिलं, निम्म्यांना दिलं नाही. २०१८ साली निकाल आला: चार वर्षांत हृदय-रक्तवाहिन्यांचे त्रास गोळी घेणाऱ्यांत २१.१ टक्के, न घेणाऱ्यांत १७.९ टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून गोळीने नुकसान केलं असं मी म्हणणार नाही. पण फायदा दिसला नाही.

"धमन्यांतून निघून हाडांत जाईल" हा भाग सगळ्यात घातक. सक्रिय व्हिटॅमिन डी, म्हणजे शरीर प्रत्यक्ष वापरतं ते रूप, आतड्यातून कॅल्शियम आणि फॉस्फरस दोन्ही रक्तात ओढून घेतं. निरोगी किडनी जादा फॉस्फरस लघवीवाटे टाकते. इथे ती वाटच बंद. डायलिसिसने निघतो तो पुरेसा नसतो, म्हणून तर बहुतेकांना जेवणाबरोबर बाइंडर (अन्नातला फॉस्फरस आतड्यातच बांधून ठेवणारं औषध) घ्यावा लागतो. फॉस्फरस चढला की धमनीच्या भिंतीतल्या स्नायूपेशी हाड बनवणाऱ्या पेशींसारख्या वागू लागतात आणि भिंतीतच कॅल्शियम बसतं. अशा रुग्णाच्या हाताचा साधा एक्स-रे पाहा. मनगटाकडे उतरणारी धमनी हाडासारखी पांढरी दिसते, रुळांसारख्या दोन समांतर रेघा. एरवी धमनी एक्स-रेत दिसतच नाही. प्रयोगशाळेत उंदरांच्या धमन्या अशा करायच्या असतील तर डीचा प्रचंड डोसच देतात! उलट, पीटीएच आवरण्यापुरत्या बेताच्या डोसने उंदरांच्या धमन्या वाचल्याचंही दिसलंय. डायलिसिसवरच्या मुलांच्या २००८ सालच्या अभ्यासात तर सक्रिय डीची रक्तातली पातळी फार कमी असो की फार जास्त, दोन्हीकडे मानेतल्या धमनीची भिंत जाड निघाली.

आणि "साधं जीवनसत्त्व"? एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानात सहज मिळतं ते कोलेकॅल्सिफेरॉल. त्याचं सक्रिय रूप मुख्यतः किडनी करते, आणि इथे तीच निकामी. डॉक्टर देतात ते कॅल्सिट्रिऑल, अल्फाकॅल्सिडॉल किंवा पॅरिकॅल्सिटॉल. यांना किडनीची गरज लागत नाही, म्हणून ती थेट आणि जोरात काम करतात. ती दिली जातात वाढलेलं पीटीएच खाली आणायला, नाहीतर ते हाडं पोखरतं. कॅल्शियम किंवा फॉस्फरस वर गेला की डोस कमी करतात किंवा थांबवतात.

त्यामुळे लिहून दिलेली गोळी हा लेख वाचून बंद करू नका. आणि मेसेज वाचून वरून काही सुरू केलं असेल, तर पुढच्या डायलिसिसला जाताना ते पाकीट सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा. रिपोर्टमध्ये कॅल्शियम अचानक का वाढलं, याचं उत्तर त्यांना त्यातच सापडेल.