म्हणे, मार्ग वेगळे झाले

सोमवारी, 28 एप्रिल 2025 ला, पिट्सबर्ग पेंग्विन्स या आइस हॉकी क्लबनं जाहीर केलं की संघ आणि मुख्य प्रशिक्षक माइक सुलिव्हन यांचे मार्ग वेगळे झाले आहेत. मराठीत याला नारळ देणं म्हणतात. पण माणूस साधा नाही ना. दहा हंगाम एकाच बाकामागे उभा, दोन स्टॅन्ले कप (म्हणजे लीगची विजेतेपदं), 409 विजय, म्हणजे या क्लबच्या कुठल्याही प्रशिक्षकापेक्षा जास्त. अशाला नुसता नारळ कसा द्यायचा? मग सोबत शाल द्यायची आणि 'सर्वांच्याच हिताचं' वगैरे म्हणायचं. त्यात गंमत अशी की शुक्रवारी न्यूयॉर्क रेंजर्सनं त्याला आपल्याकडे नेमूनही टाकलं. या घराचा उंबरठा ओलांडायच्या आत त्या घरात पाट मांडलेला.

ही हॉकी बर्फावरची, एनएचएलची, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगची. ज्यांना रस नाही त्यांनी खुशाल पुढे स्क्रोल करावं, मी रागावणार नाही. ज्यांना रस आहे असे माझ्या यादीत मोजून सहा जण आहेत आणि त्यातल्या चौघांशी या आठवड्यात माझं वाजलंय. त्यामुळे ही पोस्ट मुख्यतः त्या चौघांसाठी.

त्यांचं सगळ्यांचं एकच पालुपद: 'त्याचा आवाज जुना झाला होता.' दहा वर्षं तेच बोलणं ऐकून खेळाडूंचे कान बधिर झाले, म्हणून संघ सलग तीन वर्षं प्लेऑफच्या, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीच्या, बाहेर राहिला, म्हणून तो गेला. मला निर्णय मान्य आहे. कारण मात्र अजिबात मान्य नाही.

आधी थोडं मागे जाते, कारण मी याच माणसामुळे या खेळाच्या नादी लागले.

डिसेंबर 2015. पेंग्विन्सकडे क्रॉस्बी, मालकिन, लेटांग, केसल असे बडे खेळाडू, आणि तरी संघ रडतखडत चाललेला. 12 तारखेला माइक जॉन्स्टनला काढलं आणि विल्क्स-बॅरीच्या दुय्यम संघातून सुलिव्हनला वर आणलं. त्याआधी बॉस्टनमध्ये मुख्य प्रशिक्षक म्हणून त्याला दोन हंगाम मिळाले होते, मग तिथूनही नारळ, मग कितीतरी वर्षं जॉन टॉर्टोरेलाचा सहायक. पिट्सबर्गला आला आणि पहिले चारही सामने हरला. त्या वेळी कुणी सांगितलं असतं की हा जूनमध्ये कप उचलेल, तर मीही हसले असते.

पण त्यानं दोन गोष्टी केल्या. संघाला वेग दिला. आणि विल्क्स-बॅरीत ज्यांना घडवलं होतं त्या पोरांना, म्हणजे रस्ट, शिअरी, कुनहाकल यांना, थेट मोठ्या सामन्यांत उतरवलं. गोलमध्ये मॅट मरी नावाचा नवखा पोरगा. सुलिव्हनचा मंत्र दोन शब्दांचा: 'जस्ट प्ले.' पंचाशी वाद नको, मागच्या चुकीवर चर्चा नको, पुढची शिफ्ट (बर्फावरची पाळी) खेळा. अंतिम फेरीतला (चार सामने आधी जिंकेल त्याचा कप) सॅन होजेविरुद्धचा सहावा सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे साडेपाचला सुरू झाला होता. कप उचलताना बघितला आणि आंघोळ न करताच ऑफिसला पळाले. दिवसभर मी एवढी का हसतेय हे कुणालाच कळलं नाही.

माझ्या मते 2017 चा कप मात्र त्याहून मोठा. त्या प्लेऑफमध्ये लेटांग एकही सामना खेळला नाही, मानेची शस्त्रक्रिया झाली होती. संघाचा क्रमांक एकचा बचावपटूच नाही! सुलिव्हननं उरलेल्यांना वाटून वाटून खेळवलं आणि नॅशव्हिलला सहा सामन्यांत हरवलं. शेवटच्या सामन्यात 95 सेकंद उरले असताना पॅट्रिक हॉर्नक्विस्टनं गोल केला. हा हॉर्नक्विस्ट मुळात नॅशव्हिलनंच निवडलेला, 2005 च्या ड्राफ्टमधला (क्लब पाळीपाळीनं नवे खेळाडू निवडतात तो) अगदी शेवटचा, 230 वा खेळाडू. डेट्रॉइटनं 1997 आणि 1998 ला जिंकल्यानंतर सलग दोनदा कप कुणीच जिंकला नव्हता, आणि सॅलरी कॅप (संघाच्या एकूण पगारावरची मर्यादा) आल्यापासून तर कुणालाच जमलं नव्हतं.

त्यानंतरचं पटकन सांगते, कारण सांगायला आनंद नाही. 2018 ला फिलाडेल्फियाला हरवलं, तीच सुलिव्हनच्या काळातली शेवटची जिंकलेली प्लेऑफ मालिका. 2022 ला रेंजर्सविरुद्ध 3-1 ने पुढे असताना सातव्या सामन्यात ओव्हरटाइममध्ये हरले. 2023 ला एका गुणानं प्लेऑफ हुकला आणि सलग 16 वर्षं प्लेऑफ गाठण्याची परंपरा तुटली. तेही घरच्या मैदानावर, तळाला गेलेल्या शिकागोकडून हरून. 2024 ला तीन गुणांनी हुकला. 2025 ला 80 गुण, म्हणजे शर्यतीतच नव्हते.

आता त्या 'जुन्या आवाजा'कडे वळू. हा आवाज सगळ्यात जास्त वेळ कुणी ऐकला? सिडनी क्रॉस्बीनं. तेव्हा वय 37. 2024-25 मध्ये त्यानं 91 गुण (स्वतःचे गोल आणि गोलला दिलेले पास मिळून) केले आणि सलग विसाव्या हंगामात सामन्यामागे सरासरी एक किंवा त्याहून जास्त गुण मिळवून वेन ग्रेट्झकीचा 19 हंगामांचा विक्रम मोडला. हे बधिर कानांचं लक्षण असेल तर असे बधिर कान मलाही हवेत. दुसरीकडे गोली ट्रिस्टन जॅरीला जानेवारीत वेव्हर्सवर (म्हणजे कुणाला हवा तर घ्या, असं बाकी क्लबांना सांगून) टाकून दुय्यम संघात पाठवावं लागलं. प्रशिक्षकाचा आवाज गोड असो वा भसाडा, पक (खेळातली रबरी चकती) जाळ्यात जायचा तो जातोच.

त्याच्या चुका नव्हत्या असं मी म्हणत नाही. एरिक कार्लसन आल्यावर क्रॉस्बी, मालकिन आणि तो अशी तिघं पॉवर प्लेला एकत्र बर्फावर, म्हणजे समोरचा एक खेळाडू शिक्षेमुळे बाहेर आणि आपल्याकडे तीन भावी हॉल ऑफ फेमर. आणि तरी 2023-24 मध्ये तो पॉवर प्ले लीगमधल्या अगदी वाईटांपैकी एक होता. त्याचं खापर सहायक टॉड रिअर्डनच्या डोक्यावर फुटलं, त्याला काढलं. पण त्याच पाच जणांना महिनोन्‌महिने तसंच बर्फावर पाठवणारा सुलिव्हनच होता. तिसऱ्या म्हणजे शेवटच्या सत्रात आघाडी घालवण्याचा रोगही त्याला बरा करता आला नाही. माझ्या सकाळी त्यानं किती वेळा नासवल्या, त्याची यादी माझ्याकडे आहे.

पण संघ कोण बनवतं? त्याच्या काळात तीन जनरल मॅनेजर झाले. जिम रदरफोर्डनं कपसाठी भविष्यातले ड्राफ्ट पिक उधळले, आणि तेव्हा ते बरोबरच होतं. रॉन हेक्स्टॉलनं म्हाताऱ्या संघाला आणखी म्हातारं केलं. काइल डुबास 2023 च्या जूनमध्ये आला. प्रशिक्षकाचं काम पाहुण्यांसाठी स्वयंपाक करणाऱ्या बाईसारखं आहे. बाजार दुसऱ्यानं आणायचा, मीठ कमी पडलं की बोलणी हिनं खायची. शिवाय एनएचएलचा हिशेबच असा आहे की प्रशिक्षक बदलणं सर्वांत स्वस्त. खेळाडूंचे करार हमीचे, त्यांच्या पगारावर कॅप, कितीजणांच्या करारात तर बदलीला नकार द्यायचा हक्क. प्रशिक्षकाचा पगार कॅपमध्ये धरतच नाहीत. सुलिव्हनचा करार 2026-27 पर्यंत होता. अडचण आली? नाही.

मग माझ्या मते खरं कारण काय? 7 मार्च 2024 ची तारीख बघा. त्या दिवशी डुबासनं जेक गेंत्झेलला कॅरोलायनाला दिलं. क्रॉस्बीच्या शेजारी खेळणारा, संघातला सर्वांत भरवशाचा गोल करणारा. त्याच दिवशी संघाचं काम बदललं. आज जिंकायचं हे काम संपलं आणि तीन-चार वर्षांनी जिंकण्याची तयारी करायची हे काम सुरू झालं. डुबासनं यात काही चूक केली असं मला वाटत नाही, गोदाम रिकामं होतं. पण सुलिव्हन हा आजचा सामना जिंकायला जन्मलेला माणूस. शेवटची दोन मिनिटं, एका गोलची आघाडी, अशा वेळी तो एकवीस वर्षांच्या पोराला शिकवण म्हणून बर्फावर पाठवणार नाही. तो क्रॉस्बीला पाठवणार. आणि क्रॉस्बी 37 चा असताना त्याला बाकावर बसवून ठेवायला सांगणार कोण?

लोक म्हणतात तो तरुणांना वाव देत नाही. अहो, 2016 चा कप पोरांच्याच जिवावर आला! फरक एवढाच की तेव्हा पोरांना खेळवणं आणि आज जिंकणं या दोन्ही गोष्टी एकाच दिशेला होत्या. आता त्या उलट दिशांना आहेत. निर्णय जाहीर करताना डुबास बदलाच्या काळाबद्दल बोलला ते यासाठीच. माझ्या चौघा मित्रांना ते गुळमुळीत वाटलं, मला ते सगळ्या प्रकरणातलं सर्वांत प्रामाणिक बोलणं वाटलं. गवंड्याला घर बांधून झाल्यावर बागेची खुरपणी करायला ठेवलं आणि तो रुसून बसला, तर गवंडी वाईट म्हणायचा का?

आणि 'आवाज जुना' हे खरं असतं तर रेंजर्सनं चार दिवसांत तोच जुना आवाज कशाला विकत घेतला असता?

रेंजर्सचा किस्सा तर संगीत खुर्चीच. एप्रिलमध्ये त्यांनी काढलं पीटर लाव्हिओलेटला. हा तोच, जो 2017 च्या अंतिम फेरीत नॅशव्हिलच्या बाकामागे उभा राहून सुलिव्हनकडून हरला. नॅशव्हिलमध्ये त्याला खुर्ची मिळाली ती बॅरी ट्रॉट्झला 15 हंगामांनंतर काढल्यामुळे. ट्रॉट्झ 1998 ला, संघ जन्माला आला तेव्हापासून तिथे होता. 2014 मध्ये करार वाढवला नाही आणि तो वॉशिंग्टनला गेला. तिथे 2016 आणि 2017 ला सुलिव्हनकडून हरला, 2018 ला त्याला हरवून कपच जिंकला, आणि पैशांवरून बिनसल्यामुळे दोन आठवडे व्हायच्या आत राजीनामा देऊन न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या संघाकडे, आयलँडर्सकडे गेला. मग 2019 ला आयलँडर्सनं पेंग्विन्सना 4-0 धुतलं. आणि पुढे? 2023 ला ट्रॉट्झ नॅशव्हिललाच परत, जनरल मॅनेजर म्हणून. ज्यांनी काढलं त्यांच्याच दारात. त्यामुळे कुणाला नारळ मिळाला की मी आता फार अश्रू ढाळत नाही.

एक अपवाद. आयलँडर्सना 1980 ते 1983 सलग चार कप जिंकून देणारे अल आर्बर. त्यांच्या नावावर त्या संघासोबत 1,499 सामने होते. 2007 च्या नोव्हेंबरमध्ये, 75 व्या वर्षी, त्यांना एका सामन्यापुरता करार देऊन बाकामागे उभं केलं, आकडा 1,500 व्हावा म्हणून. आयलँडर्स 3-2 ने जिंकले. समोर कोण होतं? पेंग्विन्स.

रेंजर्स आणि पेंग्विन्स एकाच मेट्रोपॉलिटन डिव्हिजनमध्ये आहेत, म्हणजे 2025-26 च्या हंगामात सुलिव्हन पिट्सबर्गला येणार आणि पाहुण्यांच्या बाकामागे उभा राहणार. क्रॉस्बी, मालकिन, लेटांग समोर. पहिल्या टाइमआउटला स्क्रीनवर त्याची चित्रफीत दाखवतील, लोक उभे राहतील, तो जबडा आवळून बर्फाकडे बघत बसेल, कारण त्याला तो सामना जिंकायचा असेल. मी पहाटेचा गजर लावणार आहे. कुणाच्या बाजूनं ओरडायचं ते अजून ठरलेलं नाही.